इंदूर, पीथमपूर, देवास, उज्जैन : कार्बनचा कोटा वाटायचा कसा?

राजेंद्रनगरकर, इंदूर
नमस्कार मंडळी. समजा, सरकारनं ठरवलं की या चार शहरांनी मिळून वर्षाला अमुक इतकाच कार्बन सोडायचा. मग वाटणी कशी व्हावी? २०११च्या जनगणनेत इंदूर वीस लाखांच्या घरात होतं आणि पीथमपूर सव्वा लाखाच्या आसपास. नुसती डोकी मोजली तर पीथमपूरच्या कारखान्यांना टाळं लागेल. आजवर ज्यानं जेवढा धूर सोडला तेवढा त्याचा कोटा म्हटलं, तर ज्यानं पदरचे पैसे घालून भट्टी सुधारली तोच मार खाणार.

मी धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला फोर्जिंगमध्ये, म्हणजे तापवलेलं लोखंड ठोकून भाग घडवायच्या कामात आहे. सकाळच्या कंपनीच्या बसमध्ये निम्म्याहून जास्त लोक इंदूरचेच असतात. भट्टीचा धूर धार जिल्ह्याच्या नावावर आणि आमचा पगार खर्च होतो इंदूरच्या बाजारात. हे मला मुळीच पटत नाही.

उज्जैनकर
२०२८च्या सिंहस्थाचं काय? देशभरातून येणाऱ्यांच्या गाड्या आणि अन्नछत्रांच्या चुली उज्जैनच्या खात्यात टाकल्या तर आमच्यावर अन्याय होईल. यात्रेचा कोटा राज्यानं वेगळा ठेवावा.

तुकोगंजवाली
राजेंद्रनगरकर काका, तुमचं म्हणणं पटलं. आपण इंदूरकरांनी आधी आपला नळ बघावा. नर्मदेचं पाणी खरगोन जिल्ह्यातल्या जलूदहून, सत्तरेक किलोमीटरवरून, पंपांनी घाट चढवून आणतात. ती वीज जलूदला जळते, पण पाणी तर आपणच पितो ना? मग तो कार्बन आपलाच. महापालिकेनं २०२३मध्ये ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढून २४४ कोटी उभे केले, ते तिथल्या ६० मेगावॉट सोलरसाठीच. एसीचंही तेच. सिंगाजी वीजकेंद्राचा कोळसा खंडव्यात जळतो आणि गारवा आपल्या घरात.

टोकियोत २०१०पासून कार्बनच्या कोट्याचा हिशेब असाच आहे. वीज कुठे तयार झाली ते बघत नाहीत. ज्या इमारतीनं किंवा कारखान्यानं ती वापरली, कार्बन त्यांच्या नावावर. शेजारच्या साइतामानं २०११मध्ये तशीच योजना आणली आणि दोघांची क्रेडिटं (मर्यादेपेक्षा कमी कार्बन सोडला की मिळणारी, विकता येणारी बचत) एकमेकांकडे चालतात. भट्टी सुधारणाऱ्याचं काय, या तुमच्या प्रश्नावरही तिथे तोड काढली होती. २००२ ते २००७ मधली कोणतीही सलग तीन वर्षं आधार म्हणून, म्हणजे कपात ज्यापासून मोजायची ती, निवडायची मुभा दिली. म्हणजे आधीच सुधारणा केलेल्याला सुधारणेपूर्वीची वर्षं धरता येत होती.

राजेंद्रनगरकर, इंदूर
ताई, फार कामाचं सांगितलंत. आपल्याकडे २०२३च्या कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजनेत लक्ष्य दर टन उत्पादनामागे किती कार्बन, असं धरलंय. मग माझं मत असं. कारखाने शहराच्या कोट्यातून बाहेर काढावेत आणि त्यांना हेच दर टनाचं माप लावावं. आमची भट्टी दोन पाळ्यांच्या मधेही पेटती ठेवावी लागते, कारण थंड केली तर पुन्हा तापवायला फार वेळ जातो आणि आतल्या विटांना तडे जातात. ही गोष्ट डोकी मोजून कधीच कळणार नाही. घरं, वाहनं, पाणी आणि कचरा यांची वाटणी मात्र माणशी सारखी. जलूदचे पंप इंदूरच्या खात्यात आणि सिंहस्थ राज्याच्या.

पण एक आहे. दर टनाच्या मापात उत्पादन वाढलं की एकूण धूरही वाढतो. म्हणून वर एकूण मर्यादा हवीच, आणि ती दरवर्षी खाली यायला हवी. मी कारखान्यातला माणूस असूनही हे म्हणतोय.

देवासचं कुणी आहे का इथे? नर्मदा-क्षिप्रा जोडणीचं पाणी तुम्हालाही मिळतं आणि उज्जैनलाही. त्या पंपांची वीज दोघांत कशी वाटावी?