कबड्डी आणि क्रिकेटसाठी फिल्म कॅमेरा: एफ५ की एफ१००? लेन्स कोणती?

मानकापूर_३६:
निकॉन एफएम२ आहे, सोबत ५० मिमी एफ/१.८ आणि १३५ मिमी एफ/२.८, दोन्ही मॅन्युअल. नागपुरात मानकापूरच्या इनडोअर हॉलमधली कबड्डी आणि सकाळच्या उन्हातलं क्रिकेट फिल्मवरच टिपायचं आहे. निकॉनच्याच ऑटोफोकस बॉडींपैकी सेकंडहँड एफ५ घ्यावा की एफ१००? ८०-२०० एफ/२.८ दोन्हीला पुरेल का? आणि हॉलमध्ये आयएसओ ४०० ची फिल्म चालते का?

धंतोलीकर:
भाऊ, आधी हॉलचं बघा, खरी अडचण तिथंच आहे. मॅटवर ३०० लक्स उजेड धरला तर ४०० च्या फिल्मवर एफ/२.८ ला १/६० सेकंदाचा शटर वेग मिळतो. त्यात चढाईपटूचा हातच काय, चेहराही हलतो. फिल्म १६०० ला पुश केली (१६०० ची समजून शूट करून जास्त वेळ डेव्हलप केली) तरी जेमतेम १/२५०. एफ/१.८ ला मात्र १/५०० च्या पुढं जाता येतं, आणि पकडीसाठी तेवढा लागतोच.

म्हणून हॉलसाठी ८५ मिमी एफ/१.८ घ्या. मैदान १३ × १० मीटरचं. कडेला बसून ८ मीटरवरचा खेळाडू धरला तर आडव्या फ्रेममध्ये सुमारे ३.४ × २.३ मीटर जागा मावते. एक चढाईपटू आणि दोन पकडणारे नीट बसतात. एफ/१.८ ला फोकसची खोली तिथं जेमतेम मीटरभर, त्यामुळे हाताने फोकस करताना खेळाडूच्या मागं धावू नका. चढाईपटूला ओलांडावीच लागते त्या ‘निदान रेषे’वर फोकस लावून ठेवा आणि चढाई तिथं पोचली की बटण दाबा. हे एफएम२ वरही जमतं.

रीळवाला:
बॉडीबद्दल. एफ५ सेकंदाला ८ फ्रेम काढतो, म्हणजे ३६ चा रोल साडेचार सेकंदांत संपतो! एफ१०० चा वेग ४.५, एमबी-१५ ग्रिप लावली की ५. ऑटोफोकसचं मॉड्यूल दोघांत एकच, त्यामुळे नुसत्या वेगासाठी एफ५ चं सव्वा किलो वजन गळ्यात अडकवू नये. माझं मत एफ१०० ला. उरलेले पैसे लेन्समध्ये घाला.

एफ१०० घेताना मागच्या झाकणाची कडी आणि रिवाइंडचा काटा तपासा, दोन्ही प्लास्टिकचे असून तुटतात. एक रोल कोऱ्या आकाशावर १/४००० आणि १/८००० ला खर्च करा. फ्रेमच्या एका बाजूला उजेड कमी दिसला तर शटरच्या पडद्यांचा मेळ बिघडलाय, ती बॉडी सोडा. एएफ-एस लेन्सची मोटर किंचाळत असेल तर तीही.

लेन्स एएफ-डी (ॲपर्चर रिंग असलेली ऑटोफोकस लेन्स) घ्या, एफएम२ वरही चालेल. ‘जी’ लेन्सला ॲपर्चर रिंग नसते, ती एफ१०० वर चालते पण एफएम२ वर ॲपर्चर बदलता येत नाही. ‘ई’ लेन्सचं ॲपर्चर विजेवर चालतं, ते तर दोन्हीवर उघडंच राहतं.

सीताबर्डी_३५:
क्रिकेटला २०० मिमी कमी पडतो. सीमारेषेवरून ६५ मीटरवर फ्रेमची उंची पावणेआठ मीटर, फलंदाज त्यात चौथाईही भरत नाही. ३०० मिमी एफ/४ बघा. स्वच्छ उन्हात १०० च्या फिल्मवर एफ/४ ला १/१६०० आरामात मिळतो, तिथं एफ/२.८ चा खर्च नको.

हॉलसाठी एचपी५ प्लस (४०० ची कृष्णधवल फिल्म) १६०० ला: डीडी-एक्स डेव्हलपर १+४ (एक भाग डेव्हलपर, चार भाग पाणी), २० अंश, १३ मिनिटं. मेमध्ये आपल्याकडच्या नळाचं पाणी तिशीच्या वर असतं, म्हणून डेव्हलपर, फिक्सर आणि धुण्याचं पाणी तिन्ही बर्फाच्या टबात एकाच तापमानाला आणा. नुसता डेव्हलपर गार केला आणि गरम पाण्यात धुतलं तर इमल्शनला सुरकुत्या पडू शकतात. त्याच कोरड्या हवेत मोटरनं झपाट्यानं रिवाइंड केलं की स्थिर विजेच्या ठिणग्या फिल्मवर झाडाच्या फांद्यांसारख्या उमटतात. एफ५ ला हातानं फिरवायची दांडी आहे, एफ१०० ला नाही. रीळवाल्यांचं बाकी पटतं, पण उन्हाळ्यात रोज शूट करणार असाल तर ही एक गोष्ट एफ५ च्या बाजूनं धरा.