पगाराचा पैसा वेगळा, बॉण्डचा वेगळा
टेक्सासमधल्या ॲलन हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल स्टेडियमचे 6 कोटी डॉलर शिक्षकांच्या पगारात घालायला हवे होते हे वरच्या कमेंटमधलं म्हणणं पटत नाही, कारण तो पैसा 2009 च्या बॉण्डमधला, म्हणजे शाळांनी काढलेल्या कर्जातला, लोकांनी मत देऊन मंजूर केलेला, आणि टेक्सासमध्ये बॉण्डचा पैसा पगाराला वापरताच येत नाही, इमारती, जमीन, बसेस असल्या गोष्टींनाच जातो.

राग यायचाच तर बांधकामावर यावा. 2012 ला उघडलेलं 18,000 सीटचं स्टेडियम काँक्रीटला तडे गेले म्हणून 2014 मध्ये चक्क बंद करावं लागलं, ते 2015 ला परत सुरू झालं. 2014 च्या सीझनला पोरांना घरचं मैदानच नव्हतं, तरी क्वार्टरबॅक कायलर मरेच्या शाळेच्या टीमने सलग तिसऱ्यांदा स्टेट चॅम्पियनशिप जिंकली, त्याचं कौतुक कुणी केलंच नाही इथे!