फास्टची पंधरा मिनिटं की स्लोमधली जागा?

पहाटे ५ चा अलार्म चार दिवसांत बारगळतो आणि बोरिवली-चर्चगेट प्रवासात परीक्षेचा अभ्यास राहून जातो, असं तुम्ही लिहिलंय. मी आधी प्रवासाला हात घालायला सांगेन.

फास्ट लोकल साधारण पंधरा मिनिटं वाचवते, पण सगळा वेळ उभ्यानं, एक हात कडीला. बोरिवलीहून सुटणाऱ्या स्लोमध्ये बसायला मिळालं तर तासभर सलग वाचता येतं. म्हणजे जास्त वेळ घेणारी गाडीच तुमच्या फायद्याची! अडचण एवढीच की कांदिवली-मालाडची मंडळी उलट दिशेनं बोरिवलीपर्यंत येऊन आधीच जागा धरतात. म्हणून ऐन गर्दीच्या आधीची गाडी पकडा आणि दहा मिनिटं आधी फलाटावर पोचा. नोट्स रात्रीच डाउनलोड करा, कुठून सुरुवात करायची ते ठरवून ठेवा आणि गाडीत डेटा बंद. नाहीतर अंधेरी येईपर्यंत व्हॉट्सॲपच चालतं.

अलार्म फसतो कारण झोपायची वेळ तीच राहते. बाराला झोपून पाचला उठलं की जेमतेम पाच तास झोप. शरीर ती कुठूनतरी वसूल करतंच. दर चार दिवसांनी झोपणं आणि उठणं, दोन्ही पंधरा मिनिटं अलीकडे आणा. रविवारी तासाभराहून जास्त लोळू नका. फोनचा चार्जर स्वयंपाकघरात ठेवा, म्हणजे रात्री फोन उशाशी राहणार नाही. डब्याची भाजी रात्रीच निवडून, चिरून फ्रीजमध्ये ठेवा, सकाळची घाई बरीच कमी होते.

जिमचा विचार असेल, तर तो परीक्षेनंतर.