मदत हवी आहे: फंडवाल्यांमध्ये फील्डवर्क करतेय, एनडीएवर (गोपनीयतेच्या करारावर) सही करू का?

नमस्कार मंडळी, मी नाशिकची, समाजशास्त्रात पीएचडी चालू आहे. विषय ग्रीन बाँड (पर्यावरणपूरक कामांसाठीचे कर्जरोखे) आणि ईएसजी फंडातले (पर्यावरण, समाज, कारभार बघून पैसे गुंतवणारे फंड) मोठे लोक, म्हणजे कुठली कंपनी 'ग्रीन' हे नेमकं कोण ठरवतं आणि कसं. सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्याने पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल, सक्तीचा केलाय, जानेवारी 2023 मध्ये केंद्र सरकारचे पहिले ग्रीन बाँड आले, कागद भरपूर मिळतात हो, पण त्या आकड्यांवर आत काय घासाघीस होते ते तिथे बसल्याशिवाय कळत नाही.

आणि बसू देत नाहीत. पंचवटी एक्सप्रेसने चारदा मुंबईत बीकेसीला, जिथे फंडांची ऑफिसं आहेत, गेले, त्यातल्या दोनदा गाडीने इगतपुरी सोडली नाही तोच मेसेज, सर बिझी आहेत, पुढच्या आठवड्यात बघू. शेवटी गाइडच्या ओळखीने एका फंड हाऊसने एक दिवस बसू दिलं. एका कंपनीच्या सांडपाण्याच्या आकड्यावर अर्धा तास वाद झाला, तिथल्या मॅडमनी प्रिंटआउटवर पेन्सिलने मोठं प्रश्नचिन्ह काढलं, दुपारच्या स्लाइडमध्ये आकडा तसाच, प्रश्नचिन्ह गायब. मी वहीत लिहायला लागले तर शेजारचे साहेब हळूच म्हणाले, हे नका लिहू.

आता पुढे बसायचं तर एनडीए, आणि त्यात अट की काहीही छापण्याआधी त्यांची लेखी मंजुरी. गाइड म्हणतात सही कर, दार बंद झालं तर परत उघडणार नाही. मला हे पटत नाहीये. एमएला दिंडोरीत द्राक्षबागेतल्या मजूर बायकांवर काम केलं तेव्हा त्यांनी बिचाऱ्यांनी घरात बसवून सगळं सांगितलं, मी काय लिहिलं ते दाखव असं एकीनेही म्हटलं नाही. मानववंशशास्त्रज्ञ लॉरा नेडरने 1972 मध्येच म्हटलं होतं की सत्ता असलेल्यांचाही अभ्यास करा, पण आमचा एथिक्स फॉर्म अजून समोरचा माणूस दुबळाच आहे असं धरून चालतो.

दुसरी काळजी त्या मॅडमची. नाव बदललं तरी मुंबईत हे वर्तुळ एवढंसं, हुद्दा आणि पेन्सिल वाचूनच ओळखतील. त्या माझ्याशी खूप चांगल्या वागल्यात, त्यांची नोकरी अडचणीत आणायची नाहीये.

कुणी 'मंजुरी' काढून 'फक्त तथ्यांची तपासणी' असं करून घेतलंय का, शब्द काय वापरले? की हे सोडून कंपन्यांचा एकेक शेअर घेऊन एजीएमला (भागधारकांच्या वार्षिक सभेला) बसणं आणि कॉन्फरन्स, नोकरी सोडलेल्या लोकांच्या मुलाखती एवढ्यावर प्रबंध उभा राहील? सोमवारी उत्तर द्यायचंय, प्लीज लवकर सांगा.