वेब डिझाइनच्या नव्या अभ्यासक्रमात कात्री नेमकी कुठे लागली?

मूळ मत

मी ज्या ऑनलाइन अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यांचे काम तपासतो, त्याच्या नव्या आराखड्यात एचटीएमएल (पानाची रचना लिहिण्याची भाषा) आणि सीएसएस (पानाचे रूप ठरवणारी भाषा) यांचे आठ आठवडे तीनवर आणले असून चौथ्या आठवड्यापासून थेट रिअ‍ॅक्ट (पानाचे संवादी भाग रचण्याचे प्रोग्रॅमिंग साधन) सुरू होते. जुने धडे काढण्याला माझा विरोध नाही. फ्लोट हा सीएसएसचा गुणधर्म चित्राशेजारून मजकूर वाहता ठेवण्यासाठी होता आणि दुसरे साधन नव्हते म्हणून त्यावर पानाची सारी मांडणी लादली गेली. २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांत सीएसएस ग्रिड ही खास मांडणीसाठीची सोय आल्यावरही ती कसरत शिकवत राहणे व्यर्थच होते. परंतु या छाटणीत सुगम्यता, म्हणजे दृष्टिहीन किंवा माउस न वापरू शकणाऱ्या व्यक्तींनाही पान वापरता यावे यासाठीची रचना, शेवटच्या आठवड्यातील ऐच्छिक व्याख्यानापुरती उरली, हे मला मान्य नाही, कारण ती पाया आहे. विद्यार्थी बटणाऐवजी डिव्ह (स्वतःचा काही अर्थ नसलेला साधा चौकोन) ठेवून त्याला क्लिक जोडतात. मग टॅबने तिथे पोहोचता येत नाही, एंटर दाबून काही घडत नाही आणि स्क्रीन रीडरला (पान वाचून दाखवणाऱ्या साधनाला) ते बटण आहे हेही कळत नाही. बटणाचा मूळ घटक वापरला असता, तर हे सारे आयतेच मिळाले असते.

प्रतिसाद १

असहमत. ‘पाया’ या शब्दाआड पुष्कळदा शिकवणाऱ्याची सवय दडलेली असते. एके काळी अ‍ॅनिमेशनसाठी ब्राउझरला जोडायचे फ्लॅशही अनिवार्य मानले जात होते आणि २०२० अखेर त्याचा आधार संपला. बूटस्ट्रॅप या तयार शैलींच्या संग्रहाने २०२१ मधील पाचव्या आवृत्तीत जेक्वेरी या जुन्या लोकप्रिय कोड-संग्रहावरचे अवलंबित्व सोडले. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला महिनाभरात स्वतःचे काही चालताना दिसले नाही, तर तो अभ्यासक्रम सोडतो. शिवाय चांगल्या घटक-संग्रहांत (पानाच्या तयार भागांच्या संचांत) आपण म्हणता ते बटण तयार मिळते.

मूळ लेखकाचे उत्तर

फ्लॅशचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. ते एका कंपनीचे प्लगिन होते, म्हणून गेले. नव्वदच्या दशकातील साधे एचटीएमएल पान मात्र आजच्या ब्राउझरमध्येही उघडते. संग्रह बटण देईल, पण चित्राचा पर्यायी मजकूर (चित्र न दिसणाऱ्यासाठीचे वर्णन) काय असावा आणि शीर्षकांचा क्रम कोणता, हे तो ठरवणार नाही. डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या एए पातळीला सामान्य आकाराच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (उजळपणाचा फरक) लागतो. फिकट करड्या अक्षरांचा मोह झालेल्या विद्यार्थ्याला तो कोणी सांगायचा?

प्रतिसाद २

मीही शिकवते. आठवडे किती, यापेक्षा गुण कशाला, हा प्रश्न मला मोठा वाटतो, कारण ज्याला गुण नाहीत ते विद्यार्थी वाचतही नाहीत (आपणही वाचत नव्हतो). रिअ‍ॅक्ट चौथ्या आठवड्यात राहू द्या, पण पहिल्या स्वाध्यायापासून एक अट घाला: संपूर्ण पान केवळ कळफलकाने वापरता आले पाहिजे, अन्यथा काम परत. डिव्हचे बटण त्या आठवड्यातच नाहीसे होईल.

प्रतिसाद १

ही अट मला मान्य आहे आणि तिच्यासाठी वेगळा आठवडाही लागणार नाही. मात्र सुगम्यतेची सारी तपासणी स्वयंचलित साधनावर सोपवता येणार नाही. पर्यायी मजकूर आहे की नाही एवढे ते सांगते, तो अर्थपूर्ण आहे का, हे माणसालाच वाचावे लागते. तेव्हा रिअ‍ॅक्टला विरोध करण्याआधी मूळ लेखकांनी तपासनिसांचे तास वाढवून मागावेत. नव्या आराखड्यात तेही कमी झाले असतील, तर मी त्यांच्या बाजूने आहे.