वावरातल्या टिनाच्या खोलीत खाली काय टाकावं? (भारी काळी जमीन, 10 × 12 फूट)

वावरवाली_आर्णी

नमस्कार. आर्णी तालुक्यात आमचं चार एकर वावर आहे. मागच्या उन्हाळ्यात विहिरीजवळ टिनाची खोली उभी केली, लोखंडी अँगल आणि चारही बाजूंनी टिन. पैसे तेवढ्यावरच संपले, म्हणून खाली आहे तीच काळी माती राहिली.

पहिल्याच पावसाळ्यात हाल झाले. पाणी दारातून आलं नाही, पण आषाढात जमिनीतूनच ओल वर आली. आत पाय ठेवला की चप्पल रुतायची. युरियाची तीन पोती खालून दगड झाली, फवारणी पंपाचा पट्टा बुरशीनं गेला. बियाण्यासाठी राखलेलं सोयाबीन तिथं न्यायची हिंमतच झाली नाही, ते घरी पलंगाखाली आहे. आता वैशाखात त्याच जमिनीला एवढ्या भेगा पडल्यात की मोटारीचा पाना आत गेला, तो तारेचा आकडा करून काढला.

दीर म्हणतात सरळ कोबा करून टाका. सासूबाई म्हणतात मुरूम टाकून शेणानं सारवू, आपल्या घराची जमीन 40 वर्षं तशीच होती. पण आमच्या कोठ्यात तीन वर्षांपूर्वी केलेला कोबा दोन पावसाळ्यांतच फुटला आणि मधोमध वर आला, गाय पाय अडकून पडली होती. त्यामुळे सिमेंटवर पुन्हा पैसे घालायला मन धजत नाही.

खोलीत ठिबकच्या नळ्या, स्प्रिंकलरचे पाईप, खत, औषधं, पंप आणि थोडं कुटार (जनावरांचा भुसा) राहील. खर्च 15,000 च्या आत बसवायचा आहे. मजुरी आम्हा दोघी सासूसुनांची. मृगाच्या आधी काम व्हायला हवं. कोणी काळ्या जमिनीवर स्वतः केलं असेल तर सांगा.

राळेगावचा_शेतकरी

ताई, शहरात टाइल्सच्या दुकानात उरलेल्या, वेगवेगळ्या रंगांच्या फरश्या स्वस्तात देतात. आमच्या भावानं त्याच बसवल्या. खाली रेतीचा थर, वर फरशी. दिसायलाही बरं दिसतं.

गवंडीकाका_वणी

टाइल्स नका बसवू. पातळ असतात, खाली पोकळी राहिली का पाईप पडला तरी तडकतात, अन् ओल्या पायानं माणूस घसरते.

ताई, मी 31 वर्षं गवंडीकाम केलं, त्यातलं अर्धं काळ्या जमिनीवर. तुमच्या कोठ्यातला कोबा सिमेंट कमी पडलं म्हणून फुटला असं मले नाई वाटत. काळी माती पाणी पेली का फुगते अन् उन्हाळ्यात आखडते, तुमचा पाना गिळला ते त्याच्यामुळंच. तिच्यावर सरळ तीन इंचाचा कोबा टाकला तं माती त्याले उचलतेच. कडेची माती आधी भिजते, मधली मागून, म्हणून कोबा सगळीकडं सारखा उचलला जात नाई, मोडते. माह्या हातचेही असे कोबे मोडले आहेत, घरमालकाले तोंड दाखवाले जीवावर आलं होतं. तवापासून मी वरच्या फरशीपेक्षा खालच्या भरावाले जास्त पैसा लावतो.

आधी आतली काळी माती एक फूट काढा. अँगलच्या पायाजवळ खणू नका, एक हात जागा सोडा. निघालेली माती वावरात फेका, खोलीच्या भोवती ढीग लावू नका, तिथं पाणी धरून ठेवते.

मंग मुरूम. मुरूम पाहून घेजा, पिवळसर मातीच जास्त असन तं परत पाठवा. ओला करून मुठीत दाबला तं गोळा व्हावा, पण हाताले चिकटू नये. बाहेरच्या जमिनीपेक्षा खोली सहा इंच वर आली पाह्यजे. त्या हिशेबानं साधारण दोन ब्रास लागते, म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या. एकदम ओतू नका. चार-चार इंचांचा थर, पाणी शिंपडा, धुमस मारा (जड ठोकण्यानं मुरूम घट्ट दाबा), मंग दुसरा थर. धुमस मारणं दोघींले जड जाईन, तेवढ्या एका कामाले दोन दिवस गडी लावा. पैसे वाचवायचे असन तं दुसरीकडं वाचवा, इथं नको.

मुरमावर प्लास्टिकची जाड पन्नी अंथरा, जोडाले एक फूट एकावर एक घ्या, म्हणजे खालची ओल वर येणार नाई. तिच्यावर एक इंच दगडाची चुरी, अन् चुरीवर राखेच्या विटा आडव्या. चंद्रपूरकडं औष्णिक केंद्राच्या राखेपासून त्या बनतात, आमच्याकडं लाल विटेपेक्षा सरळ अन् मापाच्या भेटतात. 9 × 4 इंचाची वीट धरली तं एका चौरस फुटाले चार, म्हणजे 480. फुटतूट धरून 500 सांगा, अन् काठाच्या उभ्या विटांले शंभरेक वेगळ्या. काठ बांधला नाई तं विटा बाहेर सरकतात. तेवढ्या काठालेच सिमेंट लावा.

मधल्या विटांच्या सांध्यात सिमेंट भरू नका, चुरी झाडून भरा. दोन-चार वर्षांनी कुठं खळगा पडला तं तेवढ्या दहा विटा काढा, चुरी टाका, परत बसवा. कोब्याले हे करता येत नाई.

अन् सासूबाईंचं म्हणणं खोटं नाई. सारवलेली जमीन चांगलीच, पण तिले दर आठ-पंधरा दिवसांनी हात लागते. घरात ते होते, वावरातल्या बंद खोलीत होत नाई.

वावरवाली_आर्णी

काका, खूप आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांनाही पटलं. एक शंका आहे. खोली सहा इंच वर घेतली तरी आजूबाजूचं पाणी मुरून खालची माती भिजणारच ना? आणि विटांच्या सांध्यांतून उंदीर वर येतील का?

गवंडीकाका_वणी

पहिली शंका बरोबर काढली. वळचणीचं पाणी पाहा. 10 × 12 च्या छपरावर एका दिवशी 100 मिलिमीटर पाऊस पडला तं हजार लिटरच्या वर पाणी होते, अन् ते सगळं टिनाच्या कडेवरून तुमच्या पायाशीच पडते. टिन किमान एक हात बाहेर काढा नाई तं पन्हळ लावा. भिंतीपासून दोन फुटांवर नाली खणा, उतार विहिरीच्या उलट्या बाजूले ठेवा.

उंदीर सांध्यातून नाई, टिन अन् जमिनीच्या फटीतून येतात. काठाच्या विटा टिनाले टेकवून बसवा. दाराखाली टिनाची पट्टी मारा.

शेतकरीण_हिंगणघाट

काकांनी सांगितलं ते सगळं बरोबर, पण औषधांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उघडी पडली ते आपण पाहिलंय. सांडलेलं औषध मातीत किंवा विटेत मुरलं तर पुसून निघत नाही, आणि आपण त्याच जमिनीवर अनवाणी फिरतो, लेकरं बसतात. एक कोपरा 3 × 3 फुटांचा वेगळा करा. तिथं शहाबादी फरशी, सांधे सिमेंटनं भरलेले, आणि भोवती दोन इंचांचा उंचवटा. म्हणजे डबा लवंडला तरी औषध तिथंच थांबेल. त्यावर कोरडी माती टाकून टिपून घ्या, पाण्यानं धुऊ नका, कारण तुमची विहीर जवळ आहे. वर कुलूपवाली पेटी ठेवा.

आणि ताई, सोयाबीनचं बी मात्र पलंगाखालीच राहू द्या. फरशी कितीही चांगली झाली तरी आपल्याकडच्या मे महिन्यात टिनाखाली जी धग असते तिनं उगवण जाते. सोयाबीनचं साल पातळ असतं, पोती आपटली तरी बी दुखावतं. घरात लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा, थप्पी उंच लावू नका. युरियालाही खाली फळ्या द्या, आणि पोतं उघडलं की तोंड घट्ट बांधा, कारण तो हवेतलीही ओल ओढतो.

वावरवाली_आर्णी

औषधांच्या कोपऱ्याचं माझ्या डोक्यातच नव्हतं. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, तो तिथंच पाईपांवर खेळत असतो. तो कोपरा आधी करते.

मुरूमवाल्याशी आज बोलले, परवा पहिली ट्रॉली येते. मुठीत दाबून पाहूनच उतरवून घेईन. दिरांनी माती काढायला उद्या सकाळी येतो म्हटलंय. काका, समतल बघायला आमच्याकडे काही साधन नाही, त्याला काय करू?

गवंडीकाका_वणी

ठिबकची नळी काळी असते, तिच्यात पाणी दिसत नाई. दहा-पंधरा हात पारदर्शक नळी आणा, पाणी भरा, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. दोन्ही टोकं दोन कोपऱ्यांच्या अँगलले लावा. पाणी थांबलं का दोन्हीकडं खूण करा अन् खुणेपासून खाली सारखंच माप घ्या. फक्त दाराकडं अर्धा इंच उतार ठेवजा. धुमस मारताना काही अडलं तं इथंच लिहा.