वेव्हफॉर्म जनरेटरच्या इनपुट-आउटपुट जोडण्यांबाबत मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या वेव्हफॉर्म जनरेटरवर (हव्या त्या आकाराच्या विद्युत लहरी तयार करणारे उपकरण) २ व्होल्ट पीक-टू-पीक साइन लहर निवडून मुख्य आउटपुट बीएनसी (गोल, फिरवून बसवायच्या जोडणीच्या) केबलने ऑसिलोस्कोपला (लहर पडद्यावर दाखवणारे उपकरण) जोडले, तर तीच लहर तिथे ४ व्होल्टची दिसली. जनरेटरचा अंतर्गत रोध ५० ओहम असून पुढेही ५० ओहमचाच भार आहे असे धरून तो आकडा दाखवतो, आणि ऑसिलोस्कोपचे इनपुट १ मेगाओहमचे असल्याने व्होल्टेज दुप्पट दिसते, एवढे आता उमगले आहे. ते उमगेपर्यंत मी दोन केबल उगाचच बदलल्या.

मला १० मेगाहर्ट्झचा स्क्वेअर वेव्ह तपासायचा आहे, पण प्रत्येक चढत्या कडेनंतर बारीक हेलकावे उमटतात. जनरेटरच्या मेनूत भार ‘हाय-झेड’ (खूप जास्त रोधाचा) निवडल्याने केवळ दाखवलेला आकडा सुधारेल, केबलमधून परतणारे सिग्नलचे परावर्तन (ज्यामुळे हे हेलकावे येत असावेत) थांबणार नाही, असा माझा समज आहे. तेव्हा ऑसिलोस्कोपच्या तोंडाशी ५० ओहमचा फीड-थ्रू टर्मिनेटर (केबलच्या टोकाला ५० ओहमचा भार देणारा जोड) लावणे योग्य ठरेल का?

दुसरी शंका अधिक काळजीची आहे. मल्टिमीटरने तपासले असता आउटपुटच्या बीएनसीचे बाहेरचे कवच पॉवर कॉर्डच्या अर्थ पिनशी थेट जोडलेले आढळले, आणि मागील बाजूच्या बाह्य मॉड्युलेशन इनपुटचेही (बाहेरच्या सिग्नलने लहरीत बदल करण्यासाठीचे) तसेच. ज्या सर्किटचा ग्राउंड अर्थपासून वेगळा आहे, त्यातील सिग्नल या इनपुटला द्यायचा असल्यास मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (थेट विद्युत जोडणी न ठेवता सिग्नल पुढे नेणारा) घालावा, की अन्य काही उपाय आहे? सिग्नल १ किलोहर्ट्झच्या आसपासचा आहे. अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.